चिंगीचा लंगोट

मंगळवार, ४ मार्च

लंगोट बदलण्यात आपला हात कुणी धरू शकत नाही! दिवा न लावता, अर्ध्या झोपेत, चिंगीचं रडं पुरतं सुरू व्हायच्या आत — ओला काढला, कोमट पाण्याचा कापूस फिरवला, कोरडा घातला, गाठ मारली. पॅकिंग खात्यात एवढी वर्षं काढली ती काही फुकट गेली नाहीत. मग पाजायला बायकोकडे द्यायची, पाजून झालं की परत घ्यायची, ढेकर काढायची, पाळण्यात ठेवायची. "तू झोप गं, मी आहे," म्हणतो. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "जावई मिळावा तर असा!" फोरमनची बायको म्हणे त्याला माझ्या नावाने टोमणे मारते.

ही काही बोलत नाही. दमलीय बिचारी.

बुधवार, ५

झोपेचं पार खोबरं. कामावर एका खोक्याला लेबल उलटं लावलं. मी!

शनिवार, ८

रात्री पाजता पाजता ही एकदम म्हणाली, "मी नळ आहे."

"कसला नळ?"

"दुधाचा. तू तिला आणून लावतोस, पोट भरलं की काढून नेतोस."

मी हसलो. हसायला नको होतं. अंधारात काही दिसलं नाही, पण नंतर हिची उशी सरळ करायला गेलो तर ओली लागली.

रविवार, ९

दिवसभर डोक्यात तेच. आठवून पाहिलं — हिने शेवटचा लंगोट बदलला कधी?

दवाखान्यातून घरी आलो त्याच आठवड्यात. टाके ओले होते, वाकता येत नव्हतं, तरी उठली. "आज मी बदलते," म्हणाली. बांधला. चिंगीला उचललं आणि लंगोट घसरून तिच्या पायात! मी खो-खो हसत सुटलो. फोटो काढला. घरच्या ग्रुपवर टाकला — "आईसाहेबांचं पहिलं पॅकिंग, माल परत!" सगळे हसले. माझ्या आईने लिहिलं, "तूच बघ रे बाबा पोरीकडे!" हीसुद्धा हसली होती. हसली होती ना? मग मी हिच्यादेखत लंगोट सोडला आणि पुन्हा नीट बांधला.

त्यानंतर हिने लंगोटाला हात लावलेला नाही; दिवसा मी कामावर असलो की शेजारणीला हाक मारते. आणि मला ते कळलंसुद्धा नाही! मी आपला समजतोय, केवढी मदत करतोय हिला.

कामावर मी हेच करतो. दुसऱ्यांनी बांधलेली खोकी तपासायची, सैल असतील ती सोडून पुन्हा बांधायची. त्याचा पगार मिळतो. घरी हे करायला मला कुणी सांगितलं होतं?

मंगळवार, ११

माफी मागितली. "अरे, त्यात काय एवढं! गंमत होती," म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

फोटो ग्रुपवरून काढून टाकला. लगेच मावशीचा प्रश्न — "तो गमतीचा फोटो कुठे गेला रे?"

गुरुवार, १३

ठरवलं, आज उठायचंच नाही. चिंगी रडायला लागली. मी पालथा, दोन्ही हात पोटाखाली दाबून. ही उठली. दिवा लावला. लंगोट उलटसुलट करून बघत बसली. चिंगीने टाहो फोडलेला. डावं टोक बाहेर राहत होतं, मला पडल्या पडल्या दिसत होतं! जीभ चावून धरली. पण तोंडातून गेलंच — "अगं, टोक आत घे, टोक!"

झालं. हिने लंगोट तसाच टाकला. "घे बाबा. तुझं तूच कर."

गाढव आहे मी. एक नंबरचा.

रविवार, १६

ही तिच्या आईशी फोनवर बोलत होती. मी न्हाणीघरात, सगळं कानावर आलं. "येते थोडे दिवस. नाही गं, एकटीच. चिंगीला कशाला? तिला बापच लागतो. मी नसले तर तिला कळायचंही नाही." पावडरचं दूध कोणतं चांगलं तेही विचारत होती.

हे थोड्या दिवसांचं प्रकरण नाही.

सोमवार, १७

"चिंगीला घेऊन जा ना बरोबर," म्हटलं.

"का? तुला जड झाली?"

"तसं नाही गं —"

"मला जमत नाही. माहितीये सगळ्यांना."

सगळ्यांना! मीच सांगितलं ना सगळ्यांना, फोटोसकट.

आणि खोटं कशाला लिहू — मनात एक चोरटा विचार आला की जाऊ दे हिला, चिंगी राहील माझ्याकडेच. अंधारात ती माझं बोट धरते तेव्हा मला दुसरं कुणी लागत नाही. लोकांचं कौतुकही गोड लागत होतं. ते सगळं हिच्या वाटचं होतं, आणि मी मिटक्या मारत खात होतो. लाज वाटते.

बुधवार, १९

आजपासून रात्रपाळी मागून घेतली. मी घरात असलो की माझे हात गप्प राहत नाहीत, त्याला हाच इलाज. फोरमन तोंडावर बोलला, "घरात तान्ही पोर आणि तू रात्रपाळी मागतोस? बाप आहेस की कोण?" ऐकून घेतलं.

ही जास्त भडकली. "वा! हौस फिटली वाटतं पोरीची!"

खरं कारण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुन्हा मीच मोठा ठरलो असतो — बघा, बायकोसाठी केवढं करतो!

गुरुवार, २०

रात्रभर कामात लक्ष नव्हतं. घरी आलो तेव्हा चिंगी गाढ झोपलेली. लंगोटाच्या सगळ्या गाठी एकाच कुशीवर, त्यावर दुसरा लंगोट, त्यावर ओढणी गुंडाळलेली — अगदी गाठोडं! पण कोरडं. माझे हात नुसते शिवशिवत होते. खिशात घातले.

"बघतोस काय? टिकलाय," ही म्हणाली.

"हं," म्हटलं. आणखी बोललो असतो तर काहीतरी बिघडवलंच असतं.

शनिवार, २२

हिचे डोळे सुजलेत. माझ्याशी अबोला. पण चिंगीशी बोलते, दार लोटून. मी बाहेर चपला काढताना ऐकत उभा राहिलो. किती दिवसांत हिचा एवढा आवाज ऐकला नव्हता.

सोमवार, २४

कामावरून आलो तर घराला कुलूप. उघडलं. दोरीवर एकही लंगोट नाही. पाळण्यात दुपटं नाही. शेजारीण म्हणाली, "दोघी पहाटेच गेल्या की! तुम्हाला सांगितलं नाही?"

फोन लावला.

"आईकडे आलेय. किती दिवस ते माहीत नाही. तू इतक्यात येऊ नकोस."

मी काही बोलणार, तेवढ्यात मागून चिंगीचं रडं.

"ठेव आता," ही म्हणाली. "बदलायचंय मला तिला."