सहा किलो वाल आणि १४.६ अंश

उल्हासनगर कॅम्प ५
१९ एप्रिल

प्रिय नरेंद्रदादा यास,

यशोधराचा सप्रेम जयभीम. तुझी तब्येत ठीक आहे असं धरून चालते. खात्री करायला मार्ग नाही, कारण गेले तेवीस दिवस तू कोणाचाच फोन उचललेला नाहीस. म्हणून हे पत्र. माया आत्याचा गुडघा कसा आहे? वांगणीला वीज टिकते का? (हे उगाच विचारत नाही, कारण पुढे येईल.) आमच्याकडे आई ठीक, मी ठीक, बाबा ठीक नाहीत आणि फ्रीज मुळीच ठीक नाही.

फ्रीजच्या खालच्या भागात २ ते ८ अंश हवेत. आमच्याकडे १४.६ आहेत. दूध नासतं ते सोसता येईल, पण बाबांचं इन्सुलिन तिथेच असतं आणि बाहेर स्वयंपाकघरात दुपारी ३६ अंश असतात. मी रेफ्रिजरेशनचा डिप्लोमा केलेली मुलगी. अंबरनाथच्या शीतगृहात चारशे टन मासळी उणे अठरावर राखते आणि घरी येऊन कोमट ताक पिते. आईचं म्हणणं एवढंच, "कंपनीची मशिनं चांगली असतील."

मी क्रमाने तपासलं. दाराच्या रबरात दहाची नोट धरून ओढली, घट्ट होती. मागची कॉइल झाडली (धुळीसोबत आईचं हरवलेलं रेशनकार्ड निघालं, ह्या शोधाचं श्रेय मात्र मला मिळालं). व्होल्टेज २२८. नॉब योग्य आकड्यावर. तरीही १४.६. मग आईचा माझ्यावरचा विश्वास संपला आणि तिने कॅम्प २ मधून सोमा मेकॅनिकला बोलावलं. सोमाने फ्रीजच्या कपाळावर तळहात ठेवला, दोन क्षण डोळे मिटले आणि सांगितलं, "गॅस गेला." मी विचारलं, गॅस गेला तर फ्रीजरमध्ये दगडासारखा बर्फ कसा? तो म्हणाला, "ताई, तो जुना गारवा आहे." आईने मान डोलावली. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात मला जुना गारवा कोणी शिकवला नव्हता.

तोवर इन्सुलिन तिसऱ्या मजल्यावर लाजवंती आंटींच्या फ्रीजमध्ये हलवलं. तापमान तिथे उत्तम, ४.१. बाबा सकाळ-संध्याकाळ वर जातात आणि सुई तिथेच घेतात. आता सुई घेतल्यावर लगेच खावं लागतं, हे आंटींना ठाऊक आहे. "बबनभाई, सुई लगाके खाली पेट जाओगे? मेरी बेइज्जती करोगे क्या?" असं म्हणून त्या समोर मिठाई ठेवतात. बाबा कोणाचीही बेइज्जती करत नाहीत. उपाशीपोटीची साखर आठ दिवसांत १४८ वरून २२६ वर गेली आहे. म्हणजे औषध सुरक्षित आहे आणि रोगी धोक्यात आहे. हे मी डॉक्टरांना कसं समजावून सांगू, ते मला कळत नाही.

काल सुट्टी होती. मी फ्रीजर नीट पाहिला आणि दोष सापडला. फ्रीजरच्या मागच्या भिंतीत एक जाळी असते, तिच्यातून गार हवा खाली उतरते. त्या जाळीवर सहा किलोची पिशवी गोठून चिकटली आहे. फ्रीजर गार, खाली हवा नाही. निदान संपलं. पिशवीत माया आत्याने भिजवून, मोड आणून, स्वतः सोललेले वाल आहेत. तुझ्या हळदीच्या जेवणासाठी. वांगणीला वीज जाते म्हणून ते आमच्याकडे पाठवले, आणि त्यानंतर तुझी तारीख दोनदा पुढे गेली.

पिशवी सुटायला फ्रीज बंद करून रात्रभर वितळवावा लागेल. वितळलेले वाल पुन्हा गोठवता येत नाहीत, शिजवावे लागतात. मी पातेलं काढलं. आईने पातेलं परत ठेवलं. "लग्न मोडलं असं त्याने सांगितलंय का? मग लग्नाचं सामान आपण कसं हलवायचं? उद्या आत्या म्हणेल, शालनने पोराचं लग्न शिजवून खाल्लं." बाबा म्हणाले, आपण शकुन-अपशकुन मानत नाही. आई म्हणाली, "मी कुठे मानते? मी आत्याला मानते." (आमच्या शीतगृहात बाहेरचा माल ठेवता येत नाही. चारशे टनांशेजारी सहा किलो ठेवायची परवानगी मी लेखी मागितली होती. ती लेखीच नाकारली गेली.)

तेव्हा तू आत्याला सांगून वाल शिजवायची परवानगी कळवावीस, एवढंच मागणं आहे. आत्याला माझा जयभीम सांग. गुडघ्याला थंड शेक देऊ नकोस.

तुझी मामेबहीण,
यशोधरा

ता. क. परवानगीचं राहू दे. तुझी होणारी बायको राही परवा बदलापूरहून आली होती. आईने प्रेमाने फ्रीजर उघडून तिला वाल दाखवले. ती चहा न घेता गेली. तिला हो किंवा नाही ते सांग, शुक्रवारपर्यंत, आणि तिला आधी सांग, आम्हाला नंतर. हो असेल तर तारीख जवळची काढ. नाही असेल तर तेही चालेल. उत्तरच नाही, हे मात्र ना तिला चालतं, ना ह्या यंत्राला.

ता. क. २. बाबांनी पत्र वाचलं. माझी भाषा कडक आहे म्हणाले, आणि त्यांच्यातर्फे हे लिहायला लावलं: "नरू, घाई करू नको. लग्न म्हणजे आयुष्याचा प्रश्न आहे. महिनाभर आणखी विचार कर. रविवारी वर गाजराचा हलवा आहे."

आज सकाळची साखर २४१.