न वाचलेलं पान

आप्पा, तुमचा आवाज आता माझ्या मोबाइलमध्ये आहे. माझ्या बारावीच्या नोट्सच्या सगळ्या कॅसेट भाचीनं त्यात भरून दिल्या. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, पण बटण दाबलं की तुम्ही इतिहास असा वाचायला लागता, जणू धान्य मार्केटच्या गाळ्यातून कुणाला तरी हाक मारताय. गेल्या रविवारपर्यंत मला त्याचं हसू यायचं. आता संताप होतो.

तुम्ही चार वाजता मार्केटमधून यायचात. पोती वाहून खांदे भरून आलेले असायचे, तरी आंघोळ करून, चहा पिऊन स्वयंपाकघरातल्या फरशीवर बसायचात. मांडीवर माझ्या मैत्रिणीची वही, पुढ्यात टेपरेकॉर्डर. मला दिसत नाही, म्हणून तिची वही आणायची, तुम्ही ती टेप करायची आणि मी ऐकून पाठ करायची, असा आपला अभ्यास. आणि वाचायचात तरी किती! कंस, अधोरेखित शब्द, खोडलेली ओळसुद्धा. "हितं पोरीनं कमळ काढलंय, झकास हाय," हेही कॅसेटमध्ये आहे. पान उलटलं की "हं, फुडं" ठरलेलं. एकदा आई कुकर लावता लावता म्हणाली, "अवो, कमळ कशाला सांगताय? त्याला काय मार्क हायत?" तुम्ही चिडलात. "डोळं माझं, डोकं तिचं. काय ठेवायचं न काय गाळायचं, ते ठरीवनारा मी कोन?"

हे मी किती जणांना ऐकवलंय. आमच्या आप्पांनी एक अक्षर गाळलं नाही, असं छाती फुगवून सांगायचे.

रविवारी कोपरखैरणेला एका बारशात तीच मैत्रीण भेटली. बोलता बोलता म्हणाली, "त्या पुण्याच्या हॉस्टेलचं मग काय झालं गं? सरांनी माझ्या वहीत अख्खं पान लिहून दिलेलं ना, तुझ्या आप्पांसाठी. फॉर्म कुठे मिळतो, कधी भरायचा, सगळं. तू काही बोललीच नाहीस. आम्हाला वाटलं, तुलाच जायचं नसेल."

मी हसून "हो, नव्हतंच जायचं" म्हणाले. तिथेही तुमची लाज मीच राखली.

घरी येऊन मोबाइलवर इतिहासाची ती कॅसेट लावली. धडा संपतो. कुकरच्या दोन शिट्ट्या होतात. तुम्ही खाकरता. पान उलटतं, पण "हं, फुडं" येत नाही. बराच वेळ काहीच नाही. मग आणखी एक पान उलटतं आणि तुम्ही नवा धडा सुरू करता, नेहमीपेक्षा मोठ्या आवाजात.

आप्पा, तुम्ही मला फसवलंत. मला शिक्षिका व्हायचं होतं, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. त्या हॉस्टेलात माझ्यासारख्याच मुली राहून शिकत होत्या. मी तुर्भ्याच्या एका कंपनीत फोन उचलते, दिवसभर "होल्ड करा" म्हणते. नोकरी वाईट नाही. पण ती माझ्या गळ्यात तुम्ही बांधलीत, तीही मला न विचारता. एकटी पोर पुण्यात कशी राहील, या काळजीपोटी केलंत, हे कळतं मला. कळून राग कमी होत नाही. आता फोनच मला सगळं वाचून दाखवतो, पानांच्या नंबरांसकट. त्याला माझी काळजी नाही, म्हणून तो काही गाळत नाही. "मला भीती वाटते, जाऊ नको," असं तोंडावर म्हणाला असतात तर मी भांडले असते, रडले असते. कदाचित गेलेही असते.

हे सगळं फोनला सांगून लिहून घेतलंय. पाठवायचं कुठे? आणि एक गोष्ट अजून सांगितलेली नाही. पान सुटल्याचं मला तेव्हाच कळलं होतं. सर आठवडाभर पुण्याचं काहीतरी म्हणत होते, त्यामुळे त्या पानावर काय असेल याचा अंदाजही आला होता. मी ती जागा दोनदा मागे नेऊन ऐकली. तुम्ही शेजारीच भिंतीला टेकून बसला होतात, श्वास रोखून. मधलं काय राहिलं, एवढंच विचारायचं होतं. मलाही पुण्याची भीती वाटत होती, आप्पा. मी कॅसेट पुढे जाऊ दिली.