अकराशे चौऱ्याऐंशी ओळींचं बंड

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

झालं! ओळ क्रमांक ११८४ — ‘पिस्तूल टेबलावर ठेव, जनरल.’ संपलं! चार महिने अकरा दिवस. शब्दकोश एक, मास्तर कोणी नाही. दहावी नापास माणसाने अख्ख्या इंग्रजी सिनेमाला मराठी ओळी दिल्या, आणि एकही ओळ पडद्यावर दोन सेकंदांपेक्षा कमी राहत नाही. हे लिहून ठेवतो.

सिनेमा तोच, माझा. काळा-पांढरा, साठ वर्षं जुना. चार जनरल निवडून आलेलं सरकार उलथवायचा कट करतात आणि त्यांच्याच कचेरीतला मेजर तो पकडतो. कशावरून? दोन हुकमांवर एकच जावक क्रमांक! लोक बंदुका बघतात. मी एकतीस वेळा त्या क्रमांकाला टाळी दिली आहे.

फिल्म क्लबच्या वेदिका मॅडमचा फोन — “काका, तेवीसला तुमच्या ओळींसकट दाखवू या.” बोलता बोलता उठून उभाच राहिलो.

६ फेब्रुवारी, गुरुवार

वणीला, गावी फोन केला. आई येणार! चाळीस वर्षं तिचं एकच — “त्या गोऱ्या भुतांत काय हाय रं तुझं?” उत्तर देता आलं नाही कधी. आता देतो. तिला हा सिनेमा कळला पाहिजे. बाकी हॉल रिकामा राहिला तरी बेहत्तर.

मनीषा म्हणाली, “अहो, पण आईंना कळणार कसं?”

“म्हणून तर मराठी केलं!”

मग मेथी निवडायला लागली. बायकोला काही गोष्टी समजावता येत नाहीत.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, म्हणून अक्षरं दीडपट केली. पांढरी होती, पिवळी केली — बर्फाच्या प्रसंगात बुडत होती. गच्चीवर टेपने सात मीटर मोजून मनीषाला वाचायला उभं केलं. “दिसतंय! सगळं दिसतंय! आता जेवायला चला!”

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

अंबडला कंपनीत डब्याच्या सुट्टीत गोटीरामला कागद दाखवले. देवळालीच्या तोफखान्यातून निवृत्त, आता आमच्या गेटवर असतो. एका ओळीवर बोट ठेवून ओरडला, “मेजर असून जनरलला अरे-तुरे करतो? रंगनाथराव, कोर्ट मार्शल होईल!”

म्हटलं, शेवटच्या प्रसंगातच. तोवर सगळीकडे ‘आपण’ आहे, मोजून घे.

त्याने पानं उलटून मोजली. मग अर्धी भाकरी हातात तशीच धरून उठला आणि मला कडक सलाम ठोकला. गेटवर! मॅनेजरची गाडी आत येत होती, त्यांना वाटलं त्यांनाच. त्यांनी परत केला!

१८ फेब्रुवारी, मंगळवार

‘कट शिजला’ की ‘कट रचला’? रचला. शिजतं ते पिठलं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आई आली. उद्यासाठी ठेवणीतलं लुगडं काढलंय. म्हटलं, सिनेमा आहे, लग्न नाही. “तुझ्या लग्नात तरी कुठं येवढा हसला होतास?” मनीषा पदर तोंडाला लावून आत पळाली.

ओळी पुन्हा वेळेशी ताडून पाहिल्या. तिसऱ्यांदा. अचूक!

२३ फेब्रुवारी, रविवार

काय लिहू, कुठून लिहू!

चार वाजता सुरू. साठ माणसं, आई तिसऱ्या रांगेत मधोमध. पहिली मिनिटं लोण्यासारखी. मग ओळी मागे पडायला लागल्या. दोन सेकंद... पाच... वीस मिनिटांनी मंत्री बायकोचा मुका घेतोय आणि खाली पिवळ्या ठसठशीत अक्षरांत — ‘तोफा तयार ठेवा.’ हॉल फुटला!

माझी प्रत एकशे बारा मिनिटांची, क्लबची एकशे साडेसात. सिनेमा तोच, त्यांच्याकडे पळतो जरा जोरात. आयुष्य माल तपासण्यात गेलं, एका मायक्रॉनचा फरक निघाला तरी नट परत पाठवतो मी, आणि त्यांची प्रत एकदा मागून पाहिली नाही! घरच्या मापाने दुसऱ्याचा नट तपासला!

वेदिका मॅडमनी अक्षरं बंद केली. नुसतं इंग्रजी. आई पडद्याकडे बघत बसलेली. तिथे माझं काहीतरी सटकलं. पुढे गेलो, माईक उचलला. कागद कशाला, ११८४ ओळी पाठ!

जनरलला आमच्या मॅनेजरचा आवाज दिला. मेजरला माझा. मेजर ज्याला दोन्ही कागद दाखवतो त्या पहारेकऱ्याला वणीचा — “साहेब, लय वंगाळ झालं! हुकूम दोन आन् नंबर येकच!” टाळ्या! त्या क्रमांकाला! साठ माणसांच्या!

आणि तिसऱ्या रांगेतून आई, मोठ्यांदा — “अरं, त्याच्याकडं कागद देऊ नको, त्यो फितूर हाय!” मेजरला ते कळायला अजून अठरा मिनिटं होती!

शेवटी लोक उभे राहिले. घसा पार बसला. आई घरी येईपर्यंत मनीषाला मेजरच्याच गोष्टी सांगत होती — जेवला का नाय तो, त्याला लेकरं हायेत का.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी आईला वणीच्या गाडीत बसवलं. बसलेल्या घशाने म्हटलं, पुढच्या वेळी अक्षरं एकदम बरोबर चालतील, बघ.

“रंगू, मला कुठं वाचता येतं?”

माहीत आहे. जन्मापासून माहीत आहे. तिचा अंगठा धरून शाईत बुडवणारा मीच. चार महिने एकदाही डोक्यात आलं नाही.

“मग आधी का नाही बोललीस?”

खिडकीतून माझ्या गालावर हात ठेवला. “तू मला शिकलेली धरून चालला होता. लय बरं वाटत होतं रं. मी कशाला मोडू?”