पंचावन्न इंच आणि सेफोची हवा

मंगळवार, २ डिसेंबर. सकाळी.
टीव्ही आला. पंचावन्न इंची. आधी फेरीबोटीतून, मग पिकअपच्या मागे, चटईत गुंडाळून. चौघांनी उचलला. पाचवा मी, सूचना द्यायला. त्यातला एक जण म्हणाला, मास्तर, घराला भिंतीच नाहीत, तर डावीकडून आत नेला काय न् उजवीकडून काय. उद्धट! आमच्या बेटावर घर म्हणजे नुसते खांब आणि छप्पर, हे मलाही माहीत आहे. तरी वस्तू आत आणायची एक पद्धत असते.

बेत पक्का. शनिवारी १३ तारखेला, आपल्याकडच्या दुपारी एक वाजता, ब्रिस्बेनला माझ्या मुलीचा, तालिताचा, नर्सिंगचा पदवीदान समारंभ. फोनवर थेट दिसणार. फोन टीव्हीला जोडायचा, म्हणजे फोनवरचं सगळं टीव्हीवर. अख्खं गाव माझ्या चटयांवर. तीन वर्षं मी पोरीशी बोललेलो नाही, हे खरं. ती शिक्षिका होणार असं ठरलं होतं. मी ठरवलं होतं. पण समारंभ बघायला बोलावं लागतं असं कुठे लिहिलंय?

विमानाचं तिकीट तिला सेफोने काढून दिलं. सेफो म्हणजे माझ्या बायकोचा, लुसियाचा, थोरला भाऊ. आमच्या शेजारीच राहतो, काय करणार! तेव्हापासून मी त्याच्या घरात पाऊल टाकलेलं नाही. टाकणारही नाही.

बुधवार, ३ डिसेंबर.
टीव्हीबरोबरची पुस्तिका वाचली. पाच मिनिटांचं काम आहे. उगाच लोक बाऊ करतात.

टीव्ही वायफायचा पासवर्ड मागतो. वायफाय सेफोचा. माझा फोन तीन वर्षं त्याच्यावरच चालतो, पण ते वेगळं. वायफाय हवेतून येतो आणि हवा काही सेफोच्या बापाची नाही. फोन काय, गावभर हिंडतो. टीव्ही मात्र घरचा आहे. माझ्या टीव्हीत त्या माणसाचा पासवर्ड जाणार नाही. ते पान सोडून पुढच्या पानावर गेलो.

गुरुवार, ४ डिसेंबर. संध्याकाळी ५.४०.
फोनवर 'जोडा' दाबलं. यादीत एकच टीव्ही. नाव, 'बैठकीची खोली'. बरोबर आहे. आमच्या घरात दुसरी खोलीच नाही. दाबलं. फोन म्हणतो, जोडलं. टीव्ही म्हणतो, सिग्नल नाही. दोघांतला एक खोटं बोलतोय. वीस वर्षं मुख्याध्यापक होतो, खोटं बोलणारा मला तोंडावरून कळतो. टीव्ही खोटं बोलतोय.

५.५५.
चाचणी म्हणून ब्रास बँडच्या स्पर्धेचा व्हिडिओ लावला. फोनचा आवाज एकदम बंद. म्हणजे आवाज निघालेला आहे, फक्त टीव्हीपर्यंत पोचायचाय. प्रगती! तसाच चालू ठेवून निघालो. आज रस्त्यावर पहाऱ्याची माझी पाळी.

७.००.
हद्द झाली! संध्याप्रार्थनेचा शंख झाला की गावात पान हलायचं नाही. गाड्या थांबतात, पोरं घरात बसतात, आम्ही प्रमुख मंडळी रस्त्याच्या कडेला उभे राहून लक्ष ठेवतो. आणि आज घराघरांत प्रार्थना चालू असताना सेफोच्या घरातून बँड! तुताऱ्या! ढोल! सेफो टीव्हीच्या मागे वायर शोधतोय, त्याची बायको बायबल हातात धरून टीव्हीला दटावतेय. भिंती नसल्याचा हा एक फायदा, सगळं स्वच्छ दिसतं. बँड आवडतो म्हणून काय प्रार्थनेच्या वेळी लावायचा? सोमवारच्या गावसभेत बघतोच.

घरी आलो तर व्हिडिओ संपलेला, टीव्ही निळा. तिकडच्या गोंधळामुळे माझी चाचणी वाया गेली.

शुक्रवार, ५ डिसेंबर.
लुसिया म्हणाली, अहो, शनिवारी दादाकडेच जाऊ या ना, त्याचा टीव्ही चांगला चालतो. म्हटलं, मेलो तरी नाही. म्हणाली, मेल्यावर जाऊन काय उपयोग, समारंभ शनिवारी आहे.

या घरात माझ्या बाजूने कोणी नाही. टीव्हीची दिशा बदलली. फरक नाही.

सोमवार, ८ डिसेंबर.
सभा. भाषण उत्तम झालं. म्हटलं, शंखाच्या वेळी बँड वाजवणाऱ्याला दयामाया दाखवली तर उद्या लोक नाचतील. सेफो म्हणाला, टीव्ही आपोआप लागला. सगळे हसले. मी म्हटलं, माझ्याकडेही टीव्ही आहे, तो कधी आपोआप लागत नाही. तो खाली बसला. दंड झाला, डबाबंद मासळीची दहा खोकी. मी पंधरा सुचवली होती. मंडळी फार मवाळ झाली आहेत.

मंगळवार, ९ डिसेंबर. दुपारी ४.
पुन्हा जोडलं. फोन म्हणतो, जोडलं. टीव्ही निळा. दुकानातून वायर आणली, ती फोनला बसत नाही. दुकानदार म्हणतो, फोन जुना आहे. म्हटलं, मीही जुना आहे, मला सदरा बसतो ना?

टीव्ही शुद्धीवर येईपर्यंत बसल्या बसल्या तालिताला मेसेज लिहिला. 'तालिता, बाप या नात्याने कळवतो की'. पुसलं. 'पोरी, नर्स झालीस ते ठीक'. पुसलं. 'तुझ्या मामाने तुला फूस लावली'. पुसलं. 'जेवतेस ना?' पुसलं. मग लिहिलं, 'पोरी, मला तुझा अभिमान वाटतो.' बराच वेळ बघत बसलो. पुसलं.

तेवढ्यात सेफोच्या घरातून दहाबारा माणसांचा एकदम सुस्कारा ऐकू आला. रग्बी बघत असतील. हरले वाटतं. बरं झालं.

बुधवार, १० डिसेंबर.
गावाला काय झालंय कळत नाही. फेतूआजी केळ्यांचा घड घेऊन आल्या. म्हणाल्या, पाठवून टाका हो मास्तर, असं किती दिवस चालायचं? काय पाठवून टाकू? विचारलं तर डोळे पुसत गेल्या. वय झालं. चर्चपाशी पाद्री भेटले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, मनात आलेलं राहू द्यावं, खोडू नये. मी बाजाराला निघालो होतो! माणसाला नीट चालू देत नाहीत.

लुसिया कालही आणि आजही चार वाजता भावाकडे गेली. नेमकी माझ्या सरावाच्या वेळी. आज परत आली ती डोळे लाल करून. म्हणाली, कांदा चिरत होते. भावाचे कांदे चिरायला वेळ आहे, नवऱ्याच्या टीव्हीकडे बघायला नाही.

शुक्रवार, १२ डिसेंबर.
संकल्प. एक, उद्या चिडायचं नाही. दोन, टीव्हीला हात लावायचा नाही, म्हणजे मारायला. तीन, गावाला आमंत्रण गेलेलं आहे, तेव्हा माघार नाही.

डुक्कर कापलं. तारोचे कंद, नारळाच्या दुधातली त्याचीच पानं, सगळं उद्या सकाळी तापल्या दगडांवर चढेल. लुसिया म्हणाली, टीव्ही नाही लागला तर? म्हटलं, तू आधीपासून अपशकुन करतेस म्हणून लागत नाही.

शनिवार, १३ डिसेंबर. १२.३०.
घर भरलं. मंडळी जेवली. टीव्ही निळा. फोन म्हणतो, जोडलं. मी सांगितलं, समारंभ सुरू झाला की टीव्हीही सुरू होईल, त्याला फुकटची बडबड दाखवायची सवय नाही.

१२.५०.
लोक उठायला लागले. फेतूआजींच्या पोटात कळ आली. पाद्रींची छत्री सेफोकडे राहिली. आकाशात ढग नाही! गावातले दोन भाऊ डुकराला पाणी दाखवायला गेले. डुक्कर त्यांच्या पोटात आहे! माझं खाऊन ते सगळेच्या सगळे सेफोच्या घरी. हे गाव कृतघ्न आहे. वीस वर्षं यांच्या पोरांना पाढे शिकवले.

१२.५८.
शेवटी लुसिया. दाराशी, म्हणजे खांबाशी, थांबून म्हणाली, अहो, फोनवर समारंभ लावा आणि नुसता धरून बसा. काही दाबू नका. तुम्हाला माझी शपथ. आणि गेली. बायकोसुद्धा.

१.१५.
समारंभ सुरू. फोनवर माणसं बोटभर. टीव्ही निळा. सेटिंगमध्ये गेलो. सेफोकडून आरडाओरडा, नको! नको! परत समारंभावर आलो. ओरडा थांबला. पुन्हा सेटिंग. नको! नको! कोंबड्या शिरल्या असतील चुलीपाशी. शिरू देत.

१.४०.
तालिताची रांग उठली. मुंगीएवढी दिसतेय. तीन वर्षांत केवढी झाली असेल, मुंगीवरून काय कळणार? यासाठी आणलाय का पंचावन्न इंची? टीव्हीला थोबाडीत मारली. दुसरा संकल्प गेला. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर लिहिलंय, काहीच जमलं नाही तर फोन बंद करून पुन्हा चालू करा. करतो. पाच सेकंदांचं काम.

४.३०.
लिहितो तसंच्या तसं.

फोन बंद केला आणि सेफोच्या घरातून असा आक्रोश उठला की रस्त्यावरची बस थांबली. मग सगळं गाव इकडे पळत आलं. पुढे सेफो. तीन वर्षांनी माझ्या घरात. ओरडत होता, भावजी, काय केलंत हे! तिचं नाव पुकारलं होतं हो! मी म्हटलं, तुझा काय संबंध? तो म्हणाला, माझा नाही तर कोणाचा, दहा दिवस तुमचा फोन माझ्या टीव्हीवर लागतोय! फोन माझ्या वायफायवर, माझा टीव्ही माझ्या वायफायवर, तुमचा टीव्ही कशावरच नाही, तर फोन जाणार कुठे? बँड तुमचा होता, भावजी. मासळी मी भरली.

मी विचारलं, मग बोलला का नाहीस? म्हणाला, मंगळवारी निघालोच होतो सांगायला. तेवढ्यात टीव्हीवर तुम्ही पोरीला लिहायला घेतलंत. मनात म्हटलं, सांगितलं तर हे लिहायचे थांबतील.

मला भयंकर राग यायला हवा होता. माझा मेसेज गावाने वाचला! फेतूआजींनी! म्हटलं, सोमवारी सभेत सांगतो आणि दहा खोकी तुला भरून देतो. तो म्हणाला, पंधरा.

एवढ्यात लुसियाच्या फोनवर व्हिडिओ कॉल आला. तालिता. काळा गाऊन, गळ्यात फुलांच्या आणि चॉकलेटांच्या माळा, हनुवटीपर्यंत. आईशी बोलली, मामाशी बोलली. मग विचारलं, बाबा आहेत का? लुसियाने फोन माझ्या तोंडासमोर धरला.

म्हणाली, बाबा, मामा म्हणत होता तुम्ही मोठा टीव्ही आणलाय माझ्यासाठी. म्हटलं, हो, पंचावन्न इंची. म्हणाली, पदवी देणारे ते साहेब माझा हात हातात घेऊन अभिनंदन करत होते ना, तेव्हा मी कॅमेऱ्याकडे बघून तुम्हाला हात केला. दिसला?

मागे गाव उभं होतं. यांच्या पोटात एक गोष्ट राहत नाही. सगळे छपराकडे बघायला लागले.

म्हटलं, दिसला. स्पष्ट दिसला.

हसली. म्हणाली, मग कुठला हात केला, सांगा बघू. मी शाळेत पोरांना पेचात पकडायचो, तसंच. म्हटलं, उजवा.

तिने हनुवटीवरची माळ जरा खाली केली. मग म्हणाली, हो बाबा. उजवाच.

फोन ठेवला, मंडळी उरलेलं डुक्कर खायला बसली आणि तेव्हा लक्षात आलं. उजवा हात त्या साहेबांच्या हातात होता.