तळाचा कापलेला शब्द

हॉलिंगफर्ड,
१९ ऑक्टोबर

प्रिय मॉड,

तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टर सांगतात तेवढं चाल, कुरकुर करू नकोस. मी बरी आहे. तुझ्या मेहुण्याचं, लेनर्डचं, पुस्तक जोरात खपतंय, टीव्हीवालेही येऊन गेले. त्या पुस्तकातल्या सुसान ब्रिसलीला शेकडो वर्षांपूर्वी चेटकीण म्हणून फाशी दिली ते हेच गाव, म्हणून काल इथे त्याच्या पुस्तकाची जत्रा भरली होती. तिचं तोंड छापलेले मग, आल्याच्या बिस्किटाच्या चेटकिणी, त्यांच्या गळ्यात साखरेचा फास. आया पोरांना सांगत होत्या, "आधी डोकं खा."

लेनर्डचा सगळा डोलारा त्या काळच्या एका छापील चोपडीवर उभा आहे. तिच्या शेवटी सुसान चेटूक कबूल करते. अशा चोपड्या आता संगणकावरच्या संग्रहात पान न् पान बघता येतात. पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची सूची नेहमीप्रमाणे मीच करत होते. जुन्या छपाईतला लांबुडका 'एस' यंत्राला 'एफ' वाटतो, म्हणून मी 'सुसान ब्रिसली'ऐवजी 'सुफान ब्रिफली' असं शोधलं. दुसऱ्या ग्रंथालयातली तीच चोपडी निघाली, आणि तिला एक पान जास्त होतं.

त्या पानावर सुसानविरुद्ध साक्ष देणारी शेजारीण म्हणते, मी खोटं बोलले, तिच्या कुरणावर माझा डोळा होता. सुसानला झोपू न देता कबुली वदवली होती. हे उघड झालं तोवर तिला पुरलं होतं.

काल सकाळी लेनर्ड न्याहारीला मासा खात होता. मी पान दाखवलं.

"हे? हे मी कधीच पाहिलंय," तो म्हणाला.

"मग पुस्तकात का नाही?"

"अगं, खोटी साक्ष कोण विकत घेतं? आणि ते पान मागाहून कुणी जोडलं नसेल कशावरून?" दातातला काटा काढून त्याने बशीच्या काठाला पुसला.

मॉड, तेव्हा पानाच्या तळाशी पुढच्या पानाचा पहिला शब्द छापत. लेनर्डने वापरलेली प्रत मी संग्रहात पाहिली, तिच्यातही कबुलीखाली तो शब्द आहे, म्हणजे पुढे पान होतंच. मग त्याच्या पुस्तकातलं त्या पानाचं चित्र काढून पाहिलं. तळाची पट्टी कापलेली. नेमकी तेवढीच.

त्याला पुढे खाताना मला बघवेना. इतकी वर्षं मी या माणसाच्या शेजारी झोपत होते!

संध्याकाळी चर्चच्या सभागृहात त्याचं वाचन संपलं आणि मी उठून ते शेवटचं पान मोठ्यानं वाचलं. मगांच्या दुकानातली बाई म्हणाली, "अहो, आता एवढ्या मगांचं काय करू मी?"

लेनर्ड दात आवळून म्हणाला, "ऑड्री, घरी चल. तमाशा पुरे."

"तू जा," म्हटलं.

ही चिठ्ठी खानावळीच्या वरच्या खोलीतून लिहिते आहे. प्रकाशकाला दोन्ही पानं पाठवली. लेनर्डचे फोन येताहेत. उचलला तर त्याच्या चघळण्याचा आवाज येईल असं वाटतं. गुरुवारी तुझ्याकडे येते. किती दिवस, ते विचारू नकोस. त्याच्या बाजूने एक शब्दही बोलू नकोस.

खाली सहीत लेनर्डचं नाही, आपल्या बाबांचं आडनाव लिहिते आहे. तुझ्या दाराच्या पाटीवर माझं नाव लावशील तेव्हाही तेच लाव.

तुझीच,
ऑड्री थ्रोवर