निळ्या पँटचा पुरावा

३ जून
दादाला हॉस्पिटलमधून घरी आणलं. वय बेचाळीस, अटॅक छोटा. डॉक्टरीणबाईंनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. भाऊ का, म्हणाल्या. विशीतलं वजन पुढे हृदयाला नडतं, म्हणाल्या. मी चोवीस वर्षांचा, वजन ब्याण्णव. वाक्यातला महत्त्वाचा शब्द ‘पुढे’. म्हणजे भरपूर वेळ आहे. तरी दादाला शब्द दिला : तू दुकानात परत येशील तेव्हा मी निम्मा झालेला असेन. निम्मा नको, जगलास तरी पुरे, म्हणाला. आजारपणात माणूस हळवा होतो.

४ जून
शनिवार. असल्या गोष्टी सोमवारी सुरू केलेल्या बऱ्या.

६ जून
पहाटे धावलो. कुत्रं मागे लागलं म्हणून, पण धावणं ते धावणंच.
वजनकाटा बाद. काटा प्यायलेलं पाणीसुद्धा मोजतो. आपण शिंपी, आपला विश्वास कपड्यावर. निळी पँट हेच माप. आज बटण लावताना श्वास कोंडला. मशीनवर बसायला हाफपँट बरी, म्हणून दुकानात पोचल्यावर निळी खुंटीला टांगली.

९ जून
बटण लागलं! श्वास चालू असताना!
वहिनीला सांगितलं. दादाच्या जागी सध्या तीच दुकान बघते, ऑल्टरचं कामही तिच्याकडेच. हो का भावोजी, छान, म्हणाली. तोंडात टाचण्या होत्या, नाहीतर आणखी कौतुक केलं असतं. बक्षीस : एक क्रीमरोल.

१४ जून
पँट सैल. बेल्ट लावला.
बेकरीवाला म्हणाला, हल्ली फार दर्शन देता. यशस्वी माणसाबद्दल लोक बोलणारच. दोन क्रीमरोल. एक आजचा, एक उद्याच्या यशाचा.

२० जून
पँट अंगात गरागरा फिरते. व्यायामाशिवाय बारीक होण्याची युक्ती मला सापडली आहे. डॉक्टरीणबाईंना कळवावं म्हणतो.
दादाला सांगितलं, आता काळजी सोड. त्याचे डोळे भरले. मला वाटलं होतं तू माझ्याच वाटेने येणार, म्हणाला.

२४ जून
दादा दुकानात आला. मी सगळ्यांसमोर गोल फिरून दाखवलं. त्याने पँट काढायला लावली, उलटी केली. मागची शिवण उसवून पार कडेला नेलेली. आत माया, म्हणजे सैल करायला ठेवलेलं जादा कापड, दोराभरही शिल्लक नाही.
वहिनी म्हणाली, ऑल्टरच्या खुंटीवर रोज टांगलेली दिसायची. वाटलं, भावोजींना अजून घट्ट होतेय. तोंडाने सांगायला लाजत असतील. म्हणून रोज थोडी सोडत गेले.
दादा इतका हसला की वहिनीने त्याला दटावून खाली बसवलं. मग त्याने माझ्या कमरेला टेप लावली. आकडा मोठ्याने वाचला नाही. शिंपी आकडा मनात ठेवतो तेव्हा कापड पुरणार नसतं.
तुझ्या वयात माझंही हेच माप होतं, एवढंच म्हणाला.

२५ जून
दादाला रोज चालायला सांगितलंय. आजारी माणसाला एकटं कसं सोडायचं, म्हणून सोबत गेलो. चढावर मी जरा थांबलो, झाडं बघायला. दादा वर जाऊन परत आला.
तेवढ्यात नव्याने राहायला आलेल्या काकू भेटल्या. मला दंडाला धरून कट्ट्यावर बसवलं, पाणी दिलं. कळलं हो मला, म्हणाल्या, एवढ्याशा वयात अटॅक!
मी उत्तरापुरता श्वास गोळा करत होतो. दादाच बोलला. म्हणाला, काकू, तो मला आला. ह्याला अजून यायचाय.