हात न लावता

३ नोव्हेंबर

प्रिय बारक्या,

अनेक आशीर्वाद. त्रेचाळीस वर्षांच्या माणसाला बारक्या म्हणावं का, असं पाकिटावर पत्ता लिहिताना मनात आलं होतं, पण दुसरं काही लिहायला पेन तयार होईना. आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईचा गुडघा तिच्याइतकाच हट्टी आहे. नवा चष्मा केला, तो डोक्यावर चढवते आणि घरभर शोधते. तूही बरा असशील, आणि तुझ्या डेपोतल्या बसगाड्या तू लावलेल्या वेळापत्रकाचं थोडंफार ऐकत असतील.

दरवर्षी तुझ्या वाढदिवसाला मी चार ओळी पाठवते आणि तू दोन ओळींत आभार मानून मोकळा होतोस. वाढदिवस अजून लांब आहे, तरी हे पत्र. कारण वाचून हसशील, हसलास तर बरंच.

गेल्या महिन्यात शाळेतल्या विज्ञानाच्या बाई दुकानात एक लाकडी पेटी घेऊन आल्या. मी पंखे, पंप, मिक्सर सोडून दुसरं काही हातात घेत नाही हे त्यांना ठाऊक आहे. पण म्हणाल्या, "आतलं कॉइल जळलंय, आणि इथे तुमच्याशिवाय तार गुंडाळणारं राहिलंय कोण?" चढवलं की मी झाडावर चढते, तुला माहीत आहे. पेटीच्या एका बाजूला उभी दांडी, दुसऱ्या बाजूला आडवी वळवलेली कडी. मला वाटलं, जुना रेडिओ असेल. तार बदलली, कळ दाबली, आणि पेटीने अशी काही शीळ घातली की शेजारचा न्हावी गिऱ्हाइकाची अर्धी दाढी सोडून धावत आला. मी दचकून मागे सरले, आवाज खाली उतरला. पुढे झाले, तर चढला. बारक्या, मी तिला हातसुद्धा लावला नव्हता.

याला थेरेमिन म्हणतात. आत दोन आवाज चालू असतात, दोन्ही इतके बारीक की माणसाला ऐकू येत नाहीत. एक आपल्या जागी ठाम. दुसरा, आपला हात जवळ आला की सरकतो. दोघांत जेवढा फरक पडेल तेवढाच आपल्याला ऐकू येतो. दोघांचं अगदी जुळलं की पेटी गप्प. आपल्या घरात नेमकं उलटं असायचं.

मी वाजवूनही पाहिली. लांबूनच सगळं करायचं, म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. धरायला काही नाही, टेकायला काही नाही. श्वास घेतला तरी सूर हलतो. आईने आतून विचारलं, "मांजर अडकलंय का गं कुठे?"

आता मुद्द्याचं. उजव्या हाताने सूर पकडायचा. डावा हात त्या कडीवर धरायचा, खाली नेला की आवाज मिटतो, वर उचलला की मोठा होतो. डाव्या हाताला एवढंच काम. बोटांनी काही दाबायचं नाही, आणि बोटं मोजायची तर अजिबात नाहीत. हे वाक्य मी दोनदा खोडलं आणि तिसऱ्यांदा राहू दिलं.

बाई त्यांची पेटी घेऊन गेल्या, पण त्याआधी मी आतली सगळी जोडणी कागदावर उतरवून घेतली होती. तशीच एक मी तुझ्यासाठी बनवतेय. व्हायोलिनची जागा ही घेईल असं मी म्हणत नाही. झालं ते झालं, ते उकरून काढत नाही.

कॉइल हातानेच गुंडाळतेय. वाइंडिंगच्या मशीनवर चादर आहे, चादरीवर खोके आहेत, आणि खोके हलवायला माझी कंबर तयार नाही.

एक काम कर. ताठ उभा राहा आणि तुझं कोपर जमिनीपासून किती इंचांवर येतं ते कळव. स्टँड तेवढा करायचा आहे.

तुझी,
ताई


२४ नोव्हेंबर

प्रिय बारक्या,

तुझं कार्ड मिळालं. "बेचाळीस इंच." बस्स! वर 'ताई' नाही, खाली 'तुझा' नाही. तार करणारासुद्धा याहून जास्त बोलायचा. पण तू टेप शोधलीस, भिंतीला पाठ लावून उभा राहिलास आणि मोजलंस. मी ते कार्ड दिवसभर एप्रनच्या खिशात घेऊन फिरले.

पेटीचं मात्र काही खरं नव्हतं. कॉइलला सातशे फेरे लागतात, तार केसाएवढी. चारशे बाराव्या फेऱ्याला आईने विचारलं, "माझा चष्मा पाहिलास?" आणि माझी मोजणी गेली. अंदाजाने पुरं केलं. पेटी ढिम्म. पहिल्यांदा मी तारेला दोष दिला, मग कथलाच्या डागाला, मग बाईंच्या पेटीला. नाचता येईना अंगण वाकडे. दुसरं कॉइल केलं, तेही वाया. तिसऱ्याला तर आई शेजारी चिडीचूप बसली होती, तरी मीच सहाशेच्या पुढे भरकटले. फेरे मोजणारा काटा मशीनवर आहे, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. कंबरेचं मी उगीच लिहिलं होतं.

रविवारी दुपारी खोके उतरवले. चादर काढली. एकोणीस वर्षांची धूळ पुसली, पट्टा बदलला, तेल घातलं. तार लावली, स्टुलावर बसले, पेडलवर पाय ठेवला आणि तोंडातून आपसूक निघालं, "हात?"

दुकानात कोणी नव्हतं. आतल्या खोलीतून, पेपरातून मान वर न करता, आई म्हणाली, "काढला!"

बाबांचा नियम तिच्याही अंगात मुरलेला. मशीनवर दोघं असले की पेडलवाल्याने विचारायचं, "हात?" आणि समोरच्याने हात बाजूला घेऊन सांगायचं, "काढला." त्याशिवाय पाय दाबायचा नाही. आपल्याला अ-आ-इ आधी हे शिकवलं होतं.

माझा पाय उचलेना आणि दाबेनाही. मशीन सुरू झालं नाही म्हणून आई दारात आली.

"का गं, थांबलीस का? सांगितलं ना, काढला."

"आई," मी म्हटलं, "त्या दिवशी मी विचारलंच नव्हतं."

आता तुला लिहिते. लांबण लावली तर पुन्हा पंख्यांवर घसरेन.

त्या दिवशी पंपाची मोटार न्यायला कारखान्याचा माणूस दारात उभा होता आणि सारखं घड्याळ बघत होता. पट्ट्याखाली तार गुंतली होती, ती सोडव म्हणून मीच तुला सांगितलं. आठवड्यावर तुझी वाद्यवृंदाची परीक्षा होती. तू सराव टाकून आला होतास आणि तोंड वाकडं करून काम करत होतास. मला तुझा राग आला होता. तू व्हायोलिन उचलून निघून जायचास, आणि दुकान, ग्रीस, गिऱ्हाइकं सगळं माझ्या गळ्यात. रागाच्या भरात, घाईत, मी पेडल दाबलं. तुझ्या हाताकडे पाहिलंही नाही. तुला इजा व्हावी असं मनात नव्हतं, एवढं खरं मान. पण विचारलं नव्हतं.

बाबा धावत आले. "विचारलं होतंस ना?" त्यांनी मला विचारलं. आणि मी म्हटलं, "हो. तो 'काढला' म्हणाला."

एवढंच. चार शब्द. तू शुद्धीत होतास की नाही मला कळलं नाही, आणि पुढे मी कधी विचारण्याची हिंमत केली नाही. तुझी डाव्या हाताची दोन बोटं गेली, परीक्षा गेली, आणि वर सगळं खापर तुझ्याच डोक्यावर फुटलं. बाबा जाईपर्यंत म्हणत राहिले, "पोराने लक्ष दिलं असतं तर." मी समोर बसून ऐकत राहिले. ते गेले तेव्हा तू दोन दिवस आलास. तेव्हाही सांगता आलं असतं. मी तुला चहा विचारत राहिले.

आई ओरडेल असं वाटलं होतं. ती खोक्यावर बसली.

"एकोणीस वर्षं मी त्याला वेंधळा म्हणतेय," ती म्हणाली. "आणि तू ऐकत होतीस?"

"हो."

तिने चष्मा काढून पदराला पुसला. मग म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? बोटं माझी नव्हती. त्याला लिही." आणि उठता उठता, "सरक तिथून. पेडलवर मी बसते. तू तार धर."

दुखऱ्या गुडघ्याची आई पेडलवर आणि मी समोर. प्रत्येक वेळी ती विचारायची, "हात?" आणि थांबायची, माझ्या तोंडाकडे बघत. मी हात मागे घेऊन सांगायचे, "काढला." उत्तर देणाऱ्याच्या बाजूला मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा उभी होते. तिकडून ते मशीन फार मोठं दिसतं, बारक्या.

काट्यावर सातशे फेरे झाले आणि पेटी बोलली.

माफी कुठल्या शब्दात मागतात ते मला येत नाही, म्हणून साध्याच शब्दात मागते. मला माफ कर. नाही केलंस तरी पेटी तुझीच आहे. पत्र फाडलंस तरी पेटी पाठवीन. तू आलास तर मात्र मला पाठवावी लागणार नाही.

तुझी म्हणायचं की नाही, ते तू ठरव.

ताई


९ डिसेंबर

प्रिय बारक्या,

चार पानं! पाकीट जाड लागलं तेव्हा मला वाटलं, माझीच पत्रं परत केलीस. न्हाव्याच्या बाकावर बसून वाचलं, घरापर्यंत धीर धरवला नाही. त्याने न विचारता पाणी आणून ठेवलं.

तू तेव्हा शुद्धीत होतास. मी बाबांना ते चार शब्द सांगितले तेव्हा तू माझ्याकडे बघत होतास आणि मी छताच्या पंख्याकडे. म्हणजे पहिल्या दिवसापासून तुला माहीत होतं. "तू कधीतरी सांगशील म्हणून थांबलो, मग थांबायचा कंटाळा आला म्हणून गाव सोडलं," असं तू लिहिलंस. या वाक्यापाशी मी पत्र खाली ठेवलं. बरं केलंस लिहिलंस ते. राग अजून आहे, पत्राने जायचा नाही, हेही लिहिलंस ते बरं केलंस. मला लगेच माफी मिळाली असती तर ती मी कुठे ठेवणार होते?

आणि मग चौथ्या पानावर, शेवटी, बारीक अक्षरात: "डावीकडची कडी कोपरापासून किती लांब असते? आणि सूर धरताना मनगट हलतं की खांदा?"

बारक्या, मी न्हाव्याला मिठी मारली. तो अजून माझ्यापासून जरा लांबूनच चालतो.

कडी कोपरापासून वीतभर पुढे. मनगट की खांदा ते मला सांगता येणार नाही. मला अजून एक सरळ सूर येत नाही, सगळे जिन्यावरून गडगडतात. तुला कान आहे. खुणा नसलेल्या पट्टीवर नेमक्या जागी बोट ठेवणं हे तुझं काम होतं, आणि इथे तर पट्टीही नाही. अवघड आहे. सोपं आहे असं सांगून आणखी एक खोटं बोलत नाही.

पेटी पूर्ण झाली. लाकूड बाबांच्या कामाच्या टेबलाचं आहे, एका फळीवर त्यांच्या डागाच्या खुणा आहेत, त्या घासल्या नाहीत. एकच गोष्ट राहिली आहे. वाजवणाऱ्याने हात मागे घेतला की पेटी गप्प झाली पाहिजे. ती गप्प व्हायची जागा बटण फिरवून लावायची असते. मी त्याला शून्य म्हणते. आणि गंमत अशी, की ते ज्याच्या त्याच्या अंगाला लावावं लागतं. माझ्यासाठी लावलं की आईला बेसूर. आई खुर्चीतून नुसती पुढे वाकली तरी सूर चढतो. आता तर ती मुद्दाम वाकते आणि खुदकन हसते. तर शून्य मी कोणासाठीच लावलेलं नाही. ते पाकिटात घालून पाठवता येत नाही, त्याला तू लागतोस.

शनिवारी येतोस म्हणालास. दुपारच्या गाडीने ये, वेळापत्रक तूच लावलेलं आहे, उशीर झाला तर सबब चालणार नाही. आईचा निरोप: "त्याला सांग, वेंधळा म्हणणार नाही. पण चपला दारात आडव्या टाकल्या तर म्हणेन." तुझं पत्र वाचून दाखवल्यापासून, दोन दिवस झाले, ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. तेही मला मान्य आहे.

मशीनशेजारी जागा केली आहे. तू पेटीसमोर उभं राहायचं, मी बटणापाशी असेन. कळ दाबायच्या आधी मी विचारणार आहे, मोठ्याने, आतल्या खोलीत ऐकू जाईल असं. या वेळी 'काढला' म्हणू नकोस. हात काढलास तर ही वाजत नाही. 'आहे' म्हण. आणि तोंडातून काही निघालं नाही, तर नुसता उभा राहा. मला घाई नाही. तुझं उत्तर आल्याशिवाय मी कळ दाबणार नाही.

हात?

ताई